पत्रकाखालचं नाव

टपरीमागच्या खांबावर आपलं शोकपत्रक अजून तसंच चिकटलेलं आहे, हे आसेनला सोमवारी सकाळी पाण्याचे मीटर वाचायला निघाला असताना दिसलं. पहिल्यांदा त्याला फक्त स्वतःचा राग आला, कारण ती सगळी पत्रकं उतरवायचं काम त्याच्याकडेच होतं. काळी चौकट, वर क्रूस, मध्ये त्याचाच फोटो. फोटो जुना होता, दाढी नसलेला. बँडमधल्या गालिनने मुद्दाम तो निवडला होता, कारण दाढीवाला माणूस म्हणे मेलेला वाटत नाही, दमलेला वाटतो. दवाने कागद फुगला होता, पण शाई टिकली होती. छापखान्यातल्या बाईने खऱ्या पत्रकांचाच कागद वापरला होता. आजूबाजूला, शहराच्या रिवाजाप्रमाणे लावलेली, गेलेल्या माणसांची खरी पत्रकं होती : एका शिक्षिकेला जाऊन सहा महिने झाल्याचं, बोटीवरच्या एका स्वयंपाक्याचं वर्षाचं, एका नवराबायकोचं दोघांत मिळून एक. त्यांच्यात तो मुळीच उपरा दिसत नव्हता. त्याने नखाने कोपरा उचलला आणि तेव्हाच त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. छापलेलं होतं ‘शोकाकुल : बँडमधले सोबती’. त्याच्याखाली निळ्या पेनाने, चौकोनी अक्षरांत, कुणीतरी लिहिलं होतं : ‘आणि वडील.’

कुणीतरी म्हणण्यात तसा अर्थ नव्हता. ती अक्षरं तो वाचायला शिकण्याआधीपासून ओळखत होता. त्याचे वडील स्तामेन डॅन्यूबच्या बंदरात क्रेन चालवायचे, आणि क्रेनवर चढण्याआधी बरीच वर्षं पेट्यांवर खडूने खुणा करायचे. त्या सवयीने त्यांचं अक्षर कायमचं चौकोनी होऊन बसलं होतं. जिथे गोलाई हवी तिथेही कोपरे. शाळेच्या वह्यांवर आसेनचं नाव, मिरच्यांच्या बरण्यांवर साल, तळघराच्या किल्लीला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘तळघर’ आणि पुढे पूर्णविराम. ते सगळ्याच गोष्टींच्या शेवटी पूर्णविराम देत. इथेही दिला होता, इतका दाबून की त्या जागी कागदाला भोक पडलं होतं. आसेनने पत्रक हलक्या हाताने सोललं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि मीटरची यादी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. पत्रकं लावून आठवडा उलटून गेला होता. या आठवड्यात त्याने नवीन गाण्याचा बास बसवला होता, केस कापायला जाऊन गर्दी बघून परत आला होता, त्स्वेताच्या घरी घेवड्याचं सूप दोनदा मागून प्यायला होता. आणि शहराच्या या बाजूला राहणाऱ्या एका माणसाच्या लेखी यातलं काहीच घडलं नव्हतं.

‘तिसरी पाळी’ हा तिघांचा बँड. गालिन गिटार वाजवायचा आणि गायचा, त्स्वेता ड्रम, आसेन बास गिटार. तिघांनी चाळिशी ओलांडली होती आणि रुसे शहरात त्यांचं नाव बहुतेकांना माहीत होतं, गाणं एकही नाही. गालिन पोटासाठी लग्नांचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे कॅमेरा होता. उन्हाळ्यात कुठल्यातरी लग्नात वरमाय तासभर रडत असताना त्याला सुचलं की गाणी आता कुणी ऐकत नाही, पण भुताचा सिनेमा फुकट असेल तर सगळे बघतात. मग सिनेमाच काढावा आणि गाणी त्यात दडपावीत. गोष्ट साधी होती. एक माणूस सकाळी कामाला निघतो, इमारतीच्या दारावर स्वतःचं शोकपत्रक बघतो आणि फाडतो. दुसऱ्या दिवशी दोन असतात. मग शेजारी ओळख दाखवेनासे होतात, दुकानदार पैसे घेत नाहीत, आणि शेवटी त्याला स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहावं लागतं. आतड्यांसाठी त्स्वेताच्या आईने घातलेली ल्युतेनित्सा वापरली होती, लाल मिरच्यांची घट्ट चटणी, दोन बरण्या. धुक्यासाठी मिरच्या भाजायचं विजेचं डबडं. त्यात ओला पाला कोंबला की भरपूर धूर व्हायचा, फक्त त्या धुराला भाजलेल्या मिरचीचा वास असायचा आणि भीतीच्या प्रसंगात सगळ्यांना भूक लागायची. मेलेल्याचं काम आसेनला मिळालं. “तुला अभिनय करावा लागणार नाही,” गालिन म्हणाला होता, “तू फक्त नेहमीसारखा उभा राहा, मढ्या.” तेव्हापासून तो मढ्याच होता.

पत्रकावर खरं नाव घालायला त्स्वेताचा विरोध होता. ती देवळात जात नव्हती, पण असल्या गोष्टींत तिची आजी तिच्या तोंडून बोलायची. “जिवंत माणसाचं नाव काळ्या चौकटीत? मी नाही त्या कागदाला हात लावणार.” गालिनचं म्हणणं, खोटं नाव घातलं की बघणाऱ्याचा चेहरा खोटा होतो. तो कॉम्प्युटरपुढे बसून मजकूर जुळवत होता, अक्षरं कॅमेऱ्यात लांबून दिसावीत म्हणून मोठी करत होता, आणि मोठी करता करता जागा पुरेना तेव्हा त्याने विधी कुठे आणि किती वाजता ही ओळच उडवून टाकली. मग मान न वळवता विचारलं, “खाली कोण कोण?” आसेन म्हणाला, “बँड.” “बँड काय? आई गेली, कबूल. बाप आहे ना तुला?” “बँड लिही म्हणालो ना.” गालिनने खांदे उडवले आणि ‘बँडमधले सोबती’ लिहिलं. सगळा प्रकार एवढाच होता, आणि त्या वेळी आसेनच्या मनात काही चालू होतं असंही नाही. निदान आठवायला गेलं तर फक्त पंख्याची घरघर आठवत होती. पण चित्रीकरणाला ही इमारत त्यानेच सुचवली होती. उजेड चांगला येतो, असं कारण दिलं होतं. उजेड खरोखरच चांगला येत होता. वडिलांचं घर इथून ट्रॉलीबसचे दोन थांबे दूर होतं, आणि शनिवारचं शब्दकोडं घ्यायला ते याच टपरीवर येत, कारण जवळच्या टपरीवाल्याशी त्यांचं एकदा वाजलं होतं. हे त्याला ठाऊक होतं. चित्रीकरण शनिवारी झालं, हेही. काम संपल्यावर त्याने दारांवरची, झाडांवरची, थांब्यावरची पत्रकं एकेक करून उतरवली होती. टपरीमागचा खांब विसरला. विसरला असंच तो स्वतःशी म्हणत होता, पण शब्द सैल बसत होता, दुसऱ्याचा बूट घातल्यासारखा.

घरचा नंबर बोटांना पाठ होता. वडिलांकडे मोबाईल नव्हता, आणि आसेनचा नंबर त्यांच्याकडे असायचं कारण नव्हतं. पाच वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्याने टपरीच्या आडोशाला उभं राहून फोन लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली तशी त्याला ती खोली दिसली, फोनखालचा आईने विणलेला रुमाल, शेजारी चष्म्याची डबी. उचलल्यावर काय बोलायचं? बाबा, मी आसेन. हा प्रसंग गालिनच्या पटकथेत होता, तंतोतंत : मेलेला माणूस घरी फोन करतो, आणि पलीकडचा किंचाळून फोन टाकतो. ते वाचून तिघंही हसले होते. घंटी वाजत राहिली. वडील घरी नसतील, किंवा स्वयंपाकघरात असतील, किंवा उचलत नसतील. सत्तरी ओलांडलेला, रक्तदाब असलेला माणूस ज्या मुलाला मेलेला समजतो आहे त्याचा आवाज अचानक ऐकला तर काय होईल, हे कुठल्याच पटकथेत धड लिहिलेलं नसतं. त्याने फोन बंद केला. बंद केल्यावर हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली, आणि तो मीटर वाचायला जिन्यात शिरला.

मीटर वाचणाऱ्याला लोक चेहऱ्याने ओळखत नाहीत; दार उघडतात, न्हाणीघराकडे बोट दाखवतात, टीव्हीकडे परत जातात. ही सवय असल्यामुळे, तिसऱ्या मजल्यावरच्या मार्ता आजीने दार उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली, तेव्हा त्याला कळायला क्षण लागला.

“तू तर गेलास ना?” ती म्हणाली.

“नाही आजी. सिनेमा होता तो. भुताचा.”

“मग खांबाला कशाला लावलं? खांब काय सिनेमाचा आहे?”

“चुकून राहिलं.”

“चुकून म्हणे! मी मेणबत्ती लावली तुझ्यासाठी. म्हटलं, मीटरवाला पोरगा बरा होता, बूट पुसून आत यायचा. पूस आता.” त्याने बूट पुसले. आजी त्याच्या मागोमाग न्हाणीघरापर्यंत आली आणि तो टॉर्च लावून आकडे वाचत असताना दाराला टेकून बोलत राहिली. “एक म्हातारा येऊन उभा होता त्या खांबापाशी. उंच, जाड्या मानेचा. पाऊस होता बारीक आणि यांची टोपी हातात. मी खिडकीतून ओरडले, अहो, वर या, कॉफी घ्या. तर मला म्हणतो कसा, पेन आहे का?”

टॉर्चचा उजेड मीटरच्या काचेवरून घसरला. “दिलंत?”

“दिलं की. खाली टाकलं खिडकीतून. लिहून झाल्यावर तीन जिने चढून परत द्यायला आला, धापा टाकत. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. कोण रे तो?”

“कुठल्या दिवशी आला होता?”

“मला दिवस विचारतोस? पेन्शनचा दिवस तेवढा मला कळतो, बाकीचे सगळे सारखे.” तिने त्याच्या हातातल्या यादीवर सही केली. निळ्या पेनाने. “आणि हे बघ, मेणबत्तीचं काही देऊ नकोस. लावलेली मेणबत्ती वाया जात नाही, कुणाच्या ना कुणाच्या नावावर जमा होते.”

दुपारपर्यंत तो मीटर वाचत राहिला. आकडे बरोबर लिहिले, पण प्रत्येक न्हाणीघरात आरशात स्वतःकडे बघणं टाळलं, आणि टाळतोय हे लक्षात आल्यावर मुद्दाम बघितलं. तिथे रोजचाच चेहरा होता, थोडा सुजलेला. जायला हवं होतं. घर दोन थांब्यांवर होतं. पण जाऊन काय करायचं, याचं उत्तर शोधताना मन दर वेळी तेवढं एक सोडून सगळीकडे जात होतं : पेन खिडकीतून खाली पडताना, वडील ते चिखलातून उचलताना, विजारीला पुसताना. ते रडले असतील का, हे त्याने मनातल्या मनात लावून पाहिलं आणि बसलं नाही. वडिलांना रडताना त्याने पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या जागी चेहराच येईना, नुसती टोपी येई. दोन वाजता गालिनचा फोन आला. “मढ्या, कुठे आहेस? पेटी तयार आहे, आभाळ मस्त काळवंडलंय, चारला उजेड संपतो. ये पटकन.” आणि आसेन घराकडे जाणाऱ्या ट्रॉलीबसऐवजी उलट दिशेच्या ट्रॉलीबसमध्ये चढला. ठरवून नाही; ती आधी आली.

गालिनच्या मामाच्या बागेत, पानं गळालेल्या द्राक्षाच्या मांडवाखाली, प्लायवूडची शवपेटी दोन स्टुलांवर ठेवली होती. गालिनने मापं डोळ्यांनी घेतली होती, त्यामुळे खांद्यात ती आखूड झाली होती आणि आसेनला तिरकं होऊन आत सरकावं लागलं. त्स्वेताने लग्नाच्या मेकअपच्या डब्यातली पांढरी पावडर त्याच्या तोंडाला थापली, ओठांवर राखाडी लावलं. विधीसाठी उकडलेला गहू करायला तिने साफ नकार दिला होता. जिवंताच्या नावाने गहू शिजवायचा नाही. म्हणून ताटलीत ओट्‌सची लापशी होती, वर साखर भुरभुरून. “कॅमेऱ्यात काय कळतंय,” ती म्हणाली. मग त्याच्या कपाळावरची पावडर बोटाने सारखी करता करता थांबली. “तू बरा आहेस ना? गार पडलायस.” “मढं आहे ते,” गालिन कॅमेऱ्यामागून ओरडला, “गारच असणार. त्स्वेता, धूर सोड!”

पाला चरचरला, आणि भाजलेल्या मिरचीचा वास पेटीत उतरला. डोळे मिटलेले असल्यामुळे त्याला अडवायला काहीच नव्हतं. सप्टेंबरमध्ये आई बाल्कनीत हेच डबडं घेऊन बसायची, मिरच्या आत सोडायची, काळ्या पडल्या की काढून पिशवीत गुंडाळायची, आणि साली काढताना बोटं भाजली की तोंडात घालायची. ती गेली तेव्हा बँड झेकमध्ये वाजवत होता. ब्र्नो शहरात, एका तळघरात, चौदा-पंधरा माणसांपुढे. वडिलांनी शेजारणीकडून निरोप धाडला : आई गेली, उद्या दुपारी एक वाजता. त्याने उलट कळवलं, निघतोय, परवा सकाळपर्यंत थांबा. गाडी हंगेरीत बंद पडली. गालिन चाकाखाली आडवा होऊन शिव्या देत होता आणि आसेन रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत होता, एक वाजला तेव्हा तो तिथेच उभा होता, समोर सूर्यफुलांचं वाळलेलं शेत होतं. घरी पोचला तेव्हा वडील टेबल पुसत होते. थांबला का नाहीत, असं त्याने विचारलं. वडील म्हणाले, तिला कशाला ताटकळत ठेवू. फडकं पिळलं, पुन्हा टेबल पुसलं, पुसलेलंच. मग चाळिसाव्या दिवसाचं पत्रक इमारतीच्या दारावर लागलं, आणि आसेनने ते जिन्याखाली उभं राहून वाचलं. ‘शोकाकुल : पती स्तामेन.’ पूर्णविराम. त्याच्यापुढे मोकळी जागा होती, एक नाव सहज मावेल एवढी. तो वर गेलाच नाही. पिशवीत आईसाठी आणलेल्या मेणबत्त्या होत्या, त्या त्याने पत्र्याच्या टपालपेटीवर ठेवल्या आणि निघून आला. पाच वर्षं हा प्रसंग त्याने स्वतःला अनेकदा सांगितला होता आणि दर वेळी तो तिथेच संपायचा, टपालपेटीवर. आज पहिल्यांदा तो पुढे सरकला : कुणीतरी संध्याकाळी खाली उतरलं असेल, मेणबत्त्या पाहिल्या असतील, वर नेल्या असतील.

“छाती हलतेय,” गालिन म्हणाला. “आणि हा कसला कुरकुर आवाज येतोय?”

आवाज खिशातल्या पत्रकाचा होता. श्वास घेतला की कागद वाजत होता. गालिन कॅमेरा तसाच चालू ठेवून जवळ आला, कोटात हात घातला, पत्रक काढलं आणि उलगडलं. त्याचा चेहरा उजळला. “अरे! हे कुणी लिहिलं? भन्नाट आहे हे! ‘आणि वडील’! मरत नाही तोवर बाप नाव लावत नाही, काय कल्पना आहे रे! अक्षर तर बघ, अस्सल. हाच क्लोज-अप. सिनेमा इथेच संपवू. मढ्या, तू लिहिलंस?”

“माझ्या बापाने.”

“अं?”

“त्यांनी खांबावर वाचलं. त्यांना खरं वाटलं.”

धुराचं डबडं चरचरत होतं. त्स्वेताने त्याची वायर उपटली. “गालिन, कॅमेरा बंद कर.”

“थांब, एक मिनिट,” गालिन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या हातात चांगली गोष्ट आली होती आणि उजेड चालला होता. “एकच शॉट. कागद छातीवर ठेवतो, वरून घेतो, मग जा. पळत जा. वीस वर्षांत आपल्याला असं काही मिळालं नाही रे. आसेन, दहा सेकंद पडून राहा.”

आणि आसेन पडून राहिला. नंतर त्याला सगळ्यात जास्त हेच छळत राहिलं. गालिनने कागद छातीवर ठेवला, कॅमेरा वर नेला, त्याने श्वास रोखला. चांगला रोखला, कागद जराही हलला नाही. त्या दहा सेकंदांत त्याला स्वच्छ दिसलं की ही ओळ सिनेमात गेली तर लोक थरारतील, आणि ती सिनेमाची ओळ होईल, गालिनची कल्पना, आणि मग ती कुणीही लिहिलेली नसेल. रोखलेला श्वास फुटला. तो उठून बसला, खांदे अडकले, एका बाजूची फळी करकरत निघाली. त्याने कागद घेतला.

“अरे, मिळाला नाही शॉट! तू हललास!”

“पुसून टाक.”

“मूर्खा, उजेड—”

“गालिन,” त्स्वेता म्हणाली, “मीच फोडेन तो कॅमेरा, मग काढ लग्नांचे व्हिडिओ. जा रे तू.”

ट्रॉलीबसमध्ये समोरच्या बाईने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. आसेनला वाटलं, आपण घाबरलेले दिसतोय. तिकीट तपासणारा आला, तिकिटाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि घाईने पुढे गेला. बाहेर दिवे लागत होते. खांब मागे पळत होते, प्रत्येकावर चौकटी, प्रत्येक चौकटीत कुणीतरी थेट बघत असलेलं. लहानपणी तो आईला विचारायचा, हे सगळे कुठे बघतात, आणि आई म्हणायची, बस येते का ते. थांबा आला. तो जिना चढला. दाराशी येता येता पावलं मंदावली, हात घंटीपर्यंत गेला आणि थांबला. आत रेडिओवर हवामान चालू होतं, नदीच्या पाण्याची पातळी, एकेका बंदराचं नाव आणि पुढे सेंटिमीटर. वडील निवृत्त होऊनही ती रोज ऐकत. आसेनला अचानक वाटलं की परत फिरावं, आत्ता एक माणूस शांतपणे नदीची पातळी ऐकतो आहे, त्याने जमवून आणलेलं दुःख मोडायचा आपल्याला काय हक्क. मग त्याने घंटी दाबली, कारण जिन्यातला दिवा विझला आणि अंधारात उभं राहणं त्याहून वाईट होतं.

दार उघडलं. स्तामेन पूर्वीएवढेच उंच होते, फक्त स्वेटर मोठा झाला होता. त्यांनी आसेनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. किंचाळले नाहीत, छातीला हात लावला नाही.

“आधी तोंड धू,” ते म्हणाले.

तेव्हा त्याने गालाला हात लावला आणि बोटं पांढरी झाली. तो न्हाणीघरात गेला. पाणी आधी पांढरं, मग राखाडी वाहिलं. मीटर नळाखालीच होता आणि सवयीने त्याने आकडे वाचले. फार कमी पाणी वापरलेलं होतं. बाहेर आला तेव्हा टेबलावर पाव, चीज, मिरच्यांची बरणी, राकीच्या दारूचे दोन छोटे पेले. वडिलांनी आपल्या पेल्यातले दोन थेंब खिडकीतल्या कुंडीत ओतले, आईच्या नावाने, आणि बसले.

“तुम्हाला माहीत होतं,” आसेन म्हणाला.

“सकाळी फोन तूच केला होतास ना?”

“उचलला का नाही मग?”

“उचलला असता तर तू आला नसतास.” त्यांनी बरणीतून मिरची काढून त्याच्या ताटलीत ठेवली. “त्या पत्रकावर वेळ नव्हती. तारीख आहे, फोटो आहे, पण किती वाजता, कुठे, काही नाही. शनिवारी दुपारी वाचलं मी. कुणाला विचारणार? तुझ्या त्या सोबत्यांची घरं मला माहीत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच दफनभूमीत गेलो. म्हटलं, कधीतरी आणतीलच. फाटकाशी बाकडं आहे. एक आला, तो म्हातारा होता. मग एक बाई. मग एक आला, त्याच्याबरोबर पोरंटोरं होती, काळे कपडे, एकाच्या पाठीवर गिटार. मी उठून मागे मागे गेलो. पार खड्ड्यापर्यंत. दुसराच होता. त्याच्या आईने मला मिठी मारली, मी काय बोलणार.” त्यांनी पेला उचलला, प्यायले नाहीत. “सोमवारीही गेलो. संध्याकाळी तिथल्या कचेरीतली बाई म्हणाली, आजोबा, या नावाचं कुणी आमच्याकडे आलेलंच नाही, नोंदही नाही, कुणीतरी चेष्टा केलीय. मग टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सिनेमावाले होते, तुमचा पोरगाच कागद गोळा करत होता. चांगला हिंडताफिरता होता.”

आसेनला ताटलीतली मिरची दिसत होती, तिच्यावरचा तेलाचा थेंब. एकच प्रश्न होता आणि तो विचारायचा धीर होत नव्हता, कारण उत्तर कुठलंही आलं तरी पाच वर्षं जपलेलं काहीतरी जाणार होतं. त्याने पत्रक काढून टेबलावर ठेवलं. छातीवरच्या घामाने ते ओलसर झालं होतं.

“हे कधी लिहिलंत? जायच्या आधी की नंतर?”

“टपरीवाल्याशी बोलल्यावर.”

“म्हणजे मी जिवंत आहे हे कळल्यावर.”

“हो.”

“मग कशाला लिहिलंत?”

वडिलांनी चष्मा लावला आणि कागद जवळ ओढून खालची ओळ वाचली, स्वतःचीच, दुसऱ्या कुणी लिहिलेली असावी तशी. “नाव राहिलं होतं,” ते म्हणाले. बोट कागदावरच होतं, भोक पडलेल्या पूर्णविरामावर. “राहिलेलं नाव किती दिसतं, ते मला माहीत नव्हतं.”

खिशात फोन थरथरला; गालिन असणार. दोघांनी तो थरथरून थांबेपर्यंत वाट पाहिली. रेडिओ बंदरांच्या नावांवरून पुढे सरकला होता, आता कुणीतरी दव पडणार असं सांगत होतं. आसेनने मिरची खाल्ली. आईच्या हातची नव्हती, मीठ जास्त होतं, सालीचे काळे तुकडे राहिले होते; वडिलांनी एकट्याने बाल्कनीत बसून भाजल्या असणार. त्याने आणखी एक घेतली.

“तुमच्या त्या सिनेमात,” स्तामेन पाव कापता कापता म्हणाले, “पत्रकावर वेळ घाला. किती वाजता, कुठल्या फाटकातून. नाहीतर लोकांना खरं वाटायचं नाही.”

“तुम्हाला वाटलं होतं.”

“मी काय लोकांत मोडतो?” वडील म्हणाले, आणि कापलेला पाव त्याच्याकडे सरकवला.